वीजतज्ज्ञ मामा आणि मागचा दिवा

आमच्या मामांना विजेतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हे त्यांना सांगायची सोय नव्हती, कारण बत्तीस वर्षं त्यांनी वीज खात्यात काढली होती. काढली ती बिलांच्या टेबलावर. हातात कधी टेस्टर धरला नाही. तरी कुणाच्या घरी पंखा घरघरला की हे स्टुलावर चढणार, आणि हे उतरेपर्यंत तो पंखा कायमचा बंद पडलेला असणार. "करंटचं मला शिकवू नका," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. मी शाळेत विज्ञान शिकवतो. मलाही ते हेच ऐकवत.

त्यांची एक जुनी पांढरी गाडी होती आणि तिच्यावर माझ्या आईचा जीव अवलंबून होता. उगाच वाढवून सांगत नाही. आईची मूत्रपिंडं गेलेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार पहाटे पाचला धारवाडला डायलिसिस. आम्ही राहायला उणकलला. मामा सव्वाचारला दारात येऊन हॉर्न वाजवत, "अक्का, चल" म्हणून आपल्या बहिणीला गाडीत घालत, चार तास तिथंच बसून राहत आणि मग तिला आणून सोडत. त्या हॉर्ननं सगळी गल्ली जागी व्हायची. उतरून दार वाजवावं, हे त्या डोक्यात कधी आलं नाही.

त्या वर्षी दसरा झाला आणि गाडीचे मागचे दिवे जायला लागले. फ्यूज बदलला की लागायचे, दोन खड्डे गेले की विझायचे. कुठंतरी वायर उघडी पडून पत्र्याला टेकतेय, ती शोधावी, एवढं माझ्या आठवीतल्या पोरांनाही सुचलं असतं. आमचे मामा सुभाष रोडला गेले आणि फ्यूजची पुडी घेऊन आले. शेंगदाणे खावेत तशी ती गाडी फ्यूज खात होती.

पुडी संपली तेव्हा त्यांनी पुढचा शोध लावला. दहाचा फ्यूज उडतोय, मग वीसचा घाला. वीसचा उडाला, मग तीसचा. मी म्हटलं, "मामा, फ्यूज जातोय म्हणून वायर वाचतेय. मोठा घातलात तर वायर जळेल." ते मिशीत हसले. "शाळेतलं शाळेत ठेव रे. खात्यात आम्ही असंच करायचो." खात्यानं यांना तारेपासून बत्तीस वर्षं लांब का ठेवलं, ते मला त्या दिवशी कळलं.

व्हायचं तेच झालं. एका शुक्रवारी पहाटे धुक्यात मागचे दिवे पुन्हा विझले आणि मागून आलेली बस यांच्या गाडीला चाटून गेली. बाजूचा आरसा तुटला, कुणाला लागलं नाही. आई घरी आली. "त्याला आम्ही दिसलोच नाही रे," एवढंच म्हणाली. मग मी तोंड सोडलं. मामांना अर्धवट म्हटलं. बहिणीला मारायला निघालाय म्हटलं. बायको मला आवरत होती, पण मी ऐकतोय कुठला. मामा उभ्या उभ्या ऐकत होते. "करंटचं..." एवढं म्हणाले आणि पुढचं गिळलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन तारिहाळला मल्लप्पाकडे गेलो. हा गाड्यांचं वायरिंग करतो. हवे तितके दिवस गाडी ठेव, असं त्याला सांगितलं. सोमवारी आईला शेजाऱ्यांच्या गाडीनं पाठवलं. एका फोनवर काम झालं. मंगळवारी आम्ही दोघं परत गेलो, तर डिकीचं अस्तर उघडं होतं आणि मल्लप्पा विचारत होता, "हे हूक कुणी मारले?"

मागच्या दिव्यांच्या वर दोन पितळी हूक होते. खंडेनवमीला गाडीची पूजा करताना केळीचे खुंट दोरीनं बांधले की घसरतात, म्हणून मामांनी यंदा स्वतः ड्रिल मारून कायमची सोय केली होती. एक स्क्रू पत्र्यातून आत गेला तो थेट दिव्याच्या वायरीत. खड्डा आला की टेकायचा आणि फ्यूज उडायचा. पूजा करायची म्हणून गाडीच्या नरड्यात खिळा ठोकणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मी मोठ्यानं हसलो, त्यांना ऐकू जावं म्हणून. मामा बाहेर जाऊन उभे राहिले.

"हसू नका सर," मल्लप्पा म्हणाला. "हे मालक दोनदा येऊन गेलेत. अस्तर काढायला लागतंय, माझ्याकडे कामं साचलीत, चार दिवस गाडी सोडा म्हटलं. तर म्हणाले, इल्ल, नाही रे बाबा, जमणार नाही, मधे डायलिसिस येतंय, अक्काला कोण नेणार? भाचा आहे की, म्हटलं मी. तर म्हणाले, त्याला शाळा असते."

शाळेची सबब मी त्यांना कधी सांगितली नव्हती. सांगायची वेळच आली नव्हती, कारण तीन वर्षांत 'आज मी नेऊ का' असं मी एकदाही विचारलं नव्हतं. आणि या माणसाला मागायची लाज. मागून बस आली तरी चालेल, पण भाच्यापुढं तोंड उघडणार नाही. या गोष्टीचा मला आजही संताप येतो. मी काही माफी मागितली नाही. परत येताना ते म्हणाले, "बघ, लागला की नाही दिवा?" जणू यांनीच दुरुस्त केला होता.

मामा गेल्या वर्षी गेले. मामींनी गाडी आम्हाला दिली आणि पन्नाशी उलटल्यावर मी ती चालवायला शिकलो. आता आईला मीच नेतो. पाचला सोडतो, नऊला घेतो, तिला घरी पोचवून साडेदहाची शाळा आरामात गाठतो. तेव्हाही गाठली असती.