मऊ भात आणि तिसरी शिफ्ट

आमच्या घरमालकांइतका घड्याळाशी एकनिष्ठ, आणि तरीही कोणत्याही ठरावीक वेळी न सापडणारा माणूस सबंध नगर जिल्ह्यात दुसरा नसावा. 'नसावा' असे मी भीत भीतच म्हणतो, कारण जिल्ह्याची मला फारशी माहिती नाही. माझा सारा वावर भिंगारमधले आमचे भाड्याचे घर आणि शहरातल्या एका महाविद्यालयाचे ग्रंथालय एवढ्यापुरता. परंतु तळमजल्यावर राहणारे आमचे हे काका मी सात वर्षे जिन्यावरून पाहत आलो आहे. नागापूरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते तीस वर्षे लेथवर उभे होते. एक आठवडा पहिली शिफ्ट, पुढचा आठवडा दुसरी, त्यापुढचा तिसरी, आणि पुन्हा पहिली. निवृत्त होऊन त्यांना आता सहा वर्षे झाली. पण ती बातमी त्यांच्या पोटाला अद्याप कुणी कळवलेली नाही. दर सोमवारी ते पोट आपोआप शिफ्ट बदलते. पहिलीच्या आठवड्यात काकांना बरोबर बाराला भूक लागते, दुसरीच्या आठवड्यात दीडला आणि संध्याकाळी सातला, आणि तिसरीच्या आठवड्यात ते सकाळभर गाढ झोपून दुपारी साडेतीनला ओट्यावर उभे राहून दात घासतात. त्या वेळी खाली उतरलेल्या माणसाने 'काका, चहा झाला का?' असे विचारले, तर 'आत्ताच उठलोय, जरा दम धरा,' असे उत्तर येते. लग्नाची पत्रिका घेऊन कुणी आले की काका अक्षत हातात घेण्याआधी तारीख पाहून बोटांवर आठवडे मोजतात आणि खिन्नपणे म्हणतात, "तवा माझी तिसरी हाय. येतो, पण जेवायचा आग्रह नका करू."

त्यांची भाषादेखील कारखान्यातून पूर्णपणे निवृत्त झालेली नाही. काकूंनी नव्या कणगीतल्या ज्वारीची भाकरी केली, तर काका पहिला तुकडा मोडून, उजेडात धरून, चावून मगच 'पास' म्हणतात. एकदा मी त्यांना आमच्या गॅसच्या शेगडीवर दूध ठेवले आहे, दोन मिनिटे लक्ष द्याल का, असे विचारून खाली गेलो आणि वाटेत भेटलेल्या एका प्राध्यापकांनी मला पाऊण तास सोडले नाही. परतलो तेव्हा दूध केव्हाच तापून, उतरवून, निवले होते. काका मात्र शेगडीसमोर ताठ उभे होते. मी शरमून क्षमा मागितली, तेव्हा ते म्हणाले, "रिलीव्हर आल्याबिगर मशीन सोडायचं नसतंय, सर."

अशा माणसाच्या घरात आम्ही आमची मुलगी दिवसभर ठेवू लागलो. बाप होण्याच्या विषयात मी फार उशिरा प्रवेश घेतलेला विद्यार्थी. चव्वेचाळिसाव्या वर्षी मला कन्या झाली. माझी पत्नी तिसगावला माध्यमिक शाळेत शिकवते. तिची प्रसूती रजा संपली त्याच आठवड्यात मुलीला सहा महिने पूर्ण झाले, म्हणजे आईने सकाळच्या एसटीत बसणे आणि मुलीने वरचे अन्न सुरू करणे या दोन्ही गोष्टी एकदमच येऊन ठेपल्या. डॉक्टरांनी एक छापील तक्ता दिला. सकाळी नऊला नाचणीची खीर, बाराला मऊ भात आणि घोटलेले वरण, चारला केळे किंवा उकडलेले गाजर; मीठ-साखर नाही; चमचा तिरपा केला तरी घास ओघळू नये इतके घट्ट; आणि नवा पदार्थ दिल्यावर तीन दिवस दुसरा नवा पदार्थ नाही. संगमनेरहून सासूबाई फोनवर म्हणाल्या, "बिनमिठाचं? तुम्ही खाऊन बघा एकदा." मी खाऊन पाहिले. त्यानंतर त्यांना प्रत्युत्तर देण्याचे धैर्य मला झाले नाही. काकांना मात्र तक्त्यातला तीन दिवसांचा नियम एकदम पटला. "बरोबर हाय. पहिला पीस पास झाल्याबिगर लॉट काढायचाच न्हाई," असे म्हणून त्यांनी तो तक्ता काकूंच्या देवघराशेजारी चिकटवला.

पहिल्या आठवड्यात सारे इतके सुरळीत पार पडले की मी ग्रंथालयात दोन सहकाऱ्यांना, त्यांनी विचारले नसतानाही, शिशुआहारावर चार वाक्ये ऐकवली. बाराच्या ठोक्याला मुलगी वाटीभर मऊ भात खात असे. दुसऱ्या आठवड्यात ती बाराला तोंड मिटून बसू लागली आणि दीडला रडून अन्न मागू लागली. तिसऱ्यात तर ती सकाळभर झोपे, बाराला जागे केले की चमचा हाताने उडवून लावे, आणि चारला दोन वाट्या फस्त करी. मी एक वही घातली. तीत वेळ, पदार्थ, चमचे आणि शेरा असे चार रकाने आखले. चौथ्या आठवड्यात मुलगी पुन्हा बाराला जेवू लागली, तेव्हा मी 'दिनक्रम बसला' असा शेरा लिहिला. पाचव्या आठवड्यात तो खोडला. दात येत असावेत, असे पत्नीचे मत. हवा बदलली, असे सासूबाईंचे. आमच्या ग्रंथालयातल्या शिपायाने 'चंद्राचा काही संबंध असंल' अशी शंका काढली, आणि सांगायला संकोच वाटतो, पण मी त्या दिवशी पंचांग उघडून मुलीचे चमचे तिथीवार लावून पाहिले. एकादशीला ती पोटभर जेवली होती. यापलीकडे काही निष्पन्न झाले नाही.

काकूंना विचारावे, तर त्या शांतपणे सांगत, "आज बाराला न्हाई खाल्लं. चारला खाल्लं की." त्या घरात जेवणाची वेळ दर सोमवारी बदलते हे काकूंच्या इतके अंगवळणी पडले होते की त्यात काही वेगळे सांगण्यासारखे आहे, असे त्यांना वाटलेच नाही. आणि मी, ज्याला काकांच्या शिफ्टा पाठ होत्या, तो मी तरी कुठे जोडून पाहत होतो? माझी समजूत अशी की मुलीला काकू भरवतात. काका कोपऱ्यात असतात एवढेच.

सात आठवड्यांनी डॉक्टरांनी वजन केले. काटा जेमतेम हलला होता. "दिनक्रम लावा," ते म्हणाले, "महिन्याने पुन्हा बघू." परतताना आम्ही रिक्षात बसलो. पत्नी म्हणाली, "मला आणखी रजा मिळणार नाही. असंच चाललं तर तिला आईकडे संगमनेरला ठेवू. शनिवारी-रविवारी जाऊन भेटू." मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती. मी 'बघू' म्हणालो. माझ्या स्वभावात तो एकच शब्द तत्काळ उपलब्ध असतो.

त्यानंतरच्या बुधवारी महाविद्यालय काही कारणाने लवकर सुटले आणि मी दीडच्या सुमारास घरी पोहोचलो. खालचे दार उघडे होते. काका मांडी घालून जमिनीवर बसले होते. समोर ताट, भाकरी, वांग्याचे भरीत. त्यांच्यासमोर, उशीला टेकून, माझी मुलगी. तिच्यापुढे वरणात कुस्करलेल्या भाकरीची वाटी. काका तिच्याकडे पाहतदेखील नव्हते. ते घास घेण्यासाठी तोंड उघडत, तशी ती उघडे. मग ते न पाहता डाव्या हाताने तिच्या तोंडात चमचा ठेवत आणि दोघे एकाच गतीने चावू लागत. तिच्या तोंडात चावण्याजोगे दात नव्हते, तरी ती चावत होती. मी उंबऱ्यात थबकलो.

"या सर," काका म्हणाले. "पण तिच्याकडं टक लावून बघू नका. कामावरच्या मानसाकडं कुनी बघत बसलं की त्याचा हात चुकतो."

"रोज असंच जेवते?"

"माझ्यासंगं जेवती. एकटीला जेवन जात न्हाई बारकीला. मलाबी न्हाई जात."

त्या क्षणी वहीतले सात आठवडे माझ्या डोक्यात सरळ रेषेत उभे राहिले. मुलीला दात येत नव्हते, हवा बाधत नव्हती, चंद्र निर्दोष होता. माझी मुलगी तीन शिफ्टमध्ये कामाला लागली होती.

हे कळल्याने माझा गोंधळ कमी व्हायला हवा होता, तो वाढला. एखाद्या वयस्क गृहस्थाला, तेही घरमालकाला, 'कृपया आपली भूक बदला' असे कोणत्या शब्दांत सांगावे? मी दोन रात्री मनातल्या मनात एका विनंतीपत्राचा मसुदा केला. त्याची सुरुवात 'सविनय निवेदन' अशी होती आणि त्यापुढे तो सरकला नाही. अखेरीस शनिवारी पत्नीच खाली गेली आणि मी तिच्या मागे जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभा राहिलो.

"काका, रागावू नका," ती म्हणाली. "तुमचं पोट दर सोमवारी फिरतं, त्याच्याबरोबर हिचंही फिरायला लागलंय. वजन वाढत नाहीये. डॉक्टर म्हणतात, रोज एकच वेळ पाहिजे. नाही जमलं, तर हिला संगमनेरला ठेवावं लागेल मला."

काकूंनी पदराने तोंड झाकले. त्या हसत होत्या. "तीस वर्षं मी सांगून दमले. 'साहेब ऐकत न्हाईत' म्हनायचे हे. आता बघा, बारकीनंच नोटीस काढली!"

काका हसले नाहीत. ते मुलीकडे पाहत राहिले, मग उठले, आणि आत जाऊन त्यांनी दार लोटून घेतले. रविवारभर ते दिसले नाहीत. मुलीने दुधाखेरीज काही घेतले नाही. पत्नीने तिचे कपडे, लंगोट, चमचे एका पिशवीत वेगळे काढून ठेवले. मी ती पिशवी दोनदा उचलून कोपऱ्यात सरकवली, जणू नजरेआड झाल्याने ती रिकामी होणार होती.

सोमवारी सकाळी सात वाजता काका आंघोळ करून, भांग पाडून आमच्या दारात उभे. त्यांच्या हिशेबाने तो झोपेचा आठवडा होता. डोळे तांबडे झाले होते. "ताई, पिशवी-बिशवी भरली असंल तर उपसा," ते म्हणाले. "आजपासून जनरल शिफ्ट घेतली मी. नऊ, बारा, चार. तक्त्याप्रमानं."

"पण तुम्हाला भूक..."

"भुकंचं बघू. बसायचं तर हाय."

त्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत मी रोज बाराला घरी येत असे. कारण विचारले असते तर मला सांगता आले नसते. काका ताटासमोर बसत. पेंगत. भूक नसलेल्या तोंडात घास घालणे हे किती कष्टाचे काम असते ते मी प्रथमच जवळून पाहिले. ते घोटभर पाणी पीत, घास ढकलत, आणि तोंड उघडत. मंगळवारी मुलीने तोंड मिटूनच ठेवले. बुधवारी तिने एक घास घेतला आणि थुंकला. गुरुवारी काकांनी वीस वेळा तरी तोंड उघडले असेल. एकविसाव्या वेळी तिनेही उघडले. शुक्रवारी वाटी अर्धी रिकामी झाली आणि काकूंनी काकांच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली. त्यांनी ती हात जोडून नाकारावी असा चेहरा केला, मग मुलीकडे पाहिले आणि मोडली.

पुढच्या रविवारी आम्ही दोघेही घरी होतो. बारा वाजले होते. मुलगी जेवत होती. वरण तिच्या कपाळापर्यंत पोहोचले होते. आपल्या हातातला चमचा ती काकांच्या ताटाच्या कडेवर आपटू लागली आणि 'आ, आ' करून ओरडू लागली. काकूंनी झटकन तिचा हात धरला. "शूऽऽ, बाई, आवाज न्हाई करायचा."

काका चावता चावता थांबले. "का गं? करू दे की. आपली दोन पोरं न्हाई का करायची जेवताना?"

"न्हाई."

"अजिबात न्हाई?"

"तुमी झोपलेले असायचे ना," काकू म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. त्या मुलीची हनुवटी पुसत होत्या. "तवा पत्र्याची एकच खोली. आमी तिघं बिनआवाजाचं जेवायचो. थोरला तर ताटाखाली टॉवेल घ्यायचा."

काकांनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांचा थोरला मुलगा आता पुण्याला असतो, त्याला स्वतःची दोन मुले आहेत. माझी पत्नी दुसरीकडे पाहू लागली.  

मग काकांनी काकूंचा हात अलगद बाजूला केला, आपले ताट मुलीच्या पुढ्यात आणखी जवळ सरकवले, आणि चमचा तिच्या मुठीत नीट बसवून दिला.