भिंतीकडचं स्टूल

फोन आला तेव्हा मी लाल भोपळा किसत होते. शुक्रवारी कुमुदताई भेटणार होत्या आणि त्यांना घारगे आवडायचे, म्हणून. फोनवर बागबाजारच्या त्यांच्या घरमालकांची सून होती. बंगालीत बोलत होती, पण इतकं हळू की मला दोनदा विचारावं लागलं. कुमुदताई दुपारी जेवून आरामखुर्चीत पेपर वाचत बसल्या होत्या, चारला ती चहा घेऊन वर गेली तर पेपर मांडीवर, चष्मा नाकावर... "माशिमा, दिदा आर नेइ," ती म्हणाली. मावशी, आजी आता नाहीत. कोलकात्यात चौतीस वर्षं काढलेल्या बाईला याचा अर्थ कुणी सांगायला नको. तरी मी तिला विचारलं, "नाहीत म्हणजे, कुठं गेल्यात?" ती पोर रडायलाच लागली. मी फोन ठेवला आणि उरलेला भोपळा किसून संपवला. का ते मला अजून कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तो सगळा कीस कामवालीला देऊन टाकला.

कुमुद आपटे कोण, हे तुमच्यापैकी कुणाला माहीत असायचं कारण नाही. त्यांचे वडील रेल्वेच्या नोकरीत इकडे आले आणि कुमुदताई इथेच जन्मल्या, इथेच शिकल्या, उत्तर कोलकात्यातल्या एका मुलींच्या शाळेत पस्तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. बागबाजारात वरच्या मजल्यावर दीड खोलीत राहायच्या. मराठे येतील म्हणून इंग्रजांनी जो खंदक खणला तो तिथूनच सुरू व्हायचा. "एवढा खंदक खणून काय उपयोग झाला? मी काठावरच भाड्याने राहते," असं त्या नवीन माणसाला हमखास सांगायच्या आणि स्वतःच हसायच्या. मी आले ती नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे, तीन वर्षांसाठी. ह्यांना हे शहर आवडलं, मुलाची शाळा झाली, मग ढाकुरियाला फ्लॅट झाला. सहा वर्षांपूर्वी हे गेले. मुलगा पुण्यात. त्यानंतर दिवसभर बंगाली आणि हिंदी, आणि मराठी फक्त कुकरशी. मंडळ आहे आमचं, पण ते गणपतीला, होळीला आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. एरवी एखाद्या मंगळवारी दुपारी "कंटाळा आलाय गं" असं मराठीत म्हणायचं तर कुणाला म्हणायचं? मी कुमुदताईंना म्हणायची.

आणि हे म्हणायची आमची जागा होती गरियाहाटजवळच्या गल्लीतली जपानी खानावळ. इझाकाया म्हणतात तिला. जपानी लोक कामावरून सुटले की तिथे बसतात, थोडं पितात, थोडं थोडं खातात आणि मोठमोठ्याने बोलतात. थोडक्यात अड्डाच, फक्त माशाचं कालवण वेगळं. ती चालवते मौशुमी, कुमुदताईंची विद्यार्थिनी. नवऱ्याच्या नोकरीपायी बारा वर्षं ओसाकाला होती, तिथे एका म्हातारीच्या हाताखाली हे सगळं शिकली आणि परत येऊन इथे तिने दुकान थाटलं. दिदिमणींना, म्हणजे आपल्या शाळेतल्या बाईंना, पहिल्याच आठवड्यात बोलावलं, आणि दिदिमणी मला बरोबर घेऊन गेल्या. दारात निळा फाटका पडदा (तो मुद्दामच तसा फाडलेला असतो म्हणे), तो बाजूला सारून आत पाऊल टाकलं की शेगडीपाशी उभे असलेले सगळे एका सुरात ओरडून स्वागत करतात. पहिल्यांदा मी दचकून मागे सरले होते. मग लांबलचक लाकडी फळी, तिच्यापुढे उंच स्टुलं, आणि समोरच निखाऱ्यांवर काड्यांत ओवलेलं कोंबडीचं मांस, कांदे, मिरच्या. धूर, हशा, आयटीतली पोरं, कुणाचा तरी वाढदिवस. दुसऱ्या कुठल्या हॉटेलात दोन म्हाताऱ्या मराठीत तारस्वरात बोलू लागल्या तर लोक माना वळवून बघतात. इथे कुणी ढुंकूनही पाहायचं नाही. कुमुदताईंना डाव्या कानाने बिलकूल ऐकू येत नसे, त्यामुळे मला ओरडूनच बोलावं लागे, आणि ओरडायला याहून बरी जागा सगळ्या कोलकात्यात नव्हती. त्या बसायच्या अगदी टोकाला, भिंतीकडच्या स्टुलावर, म्हणजे बहिरा कान भिंतीला आणि चांगला माझ्याकडे. महिन्यातला शेवटचा शुक्रवार. त्या श्यामबाजारहून मेट्रोने कालीघाटला यायच्या, तिथून रिक्षाने, आणि सहाला दार उघडलं की पहिली गिऱ्हाइकं आम्ही. आठला उठून आपापल्या घरी.

पहिल्या दिवशी आमची फजिती झाली. बसल्या बसल्या, काही न मागता, मौशुमीने दोघींपुढे एकेक लहानशी वाटी ठेवली. आत वाफवलेल्या भोपळ्याच्या चार फोडी, वर तीळ. तिकडची तशी पद्धतच आहे, पहिल्या घोटाबरोबर ते खायचं असतं. पण आपल्याला हे कसं कळणार? आम्ही दोघींनी ती वाटी उचलून डावीकडे सरकवली, कोशिंबिरीसारखी, आणि जेवण वाढायची वाट बघत हात मांडीवर ठेवून बसलो. मी तर म्हटलं, "एवढं जपानला जाऊन आली, आणि केलं काय, तर भोपळा." मौशुमी वीस मिनिटांनी येऊन विचारते, "दिदिमणी, आवडलं नाही का?" खरा प्रकार कळल्यावर मी वाटी चाटूनपुसून खाल्ली. कुमुदताई मात्र हट्टी. "डावीकडचं शेवटपर्यंत पानात राहतं," म्हणाल्या. पुढे चार वर्षं त्या अर्धी वाटी आधी खायच्या आणि अर्धी डावीकडे ठेवून सगळ्यात शेवटी. मौशुमीच्या हाताखालचे लोक भराभरा भांडी उचलायचे, पण त्या वाटीला हात लावायचा नाही हे सगळ्यांना पाठ झालं होतं. आलुबुखाऱ्याची जपानी दारू त्या अंगठ्याएवढ्या पेल्यातून घ्यायच्या. "मंडळात बोलू नकोस हं मंगल, औषध आहे ते." मी लिंबू-सोडा. काय बोलायचो म्हणाल, तर काहीही. कोणाच्या सुनेने काय केलं, गुडघे, माझ्या नवऱ्याचं घोरणं, नकाशात ब्रह्मपुत्रा वळते कुठे. मी तोंडाळ आहे, हे मला ओळखणारे सगळे सांगतील. मनातलं तोंडात यायला मला वेळ लागत नाही.

फक्त एक गोष्ट मी बोलले नाही. मुलगा दोन वर्षं मागे लागला होता, "आई, आता एकटी राहू नकोस, इकडे ये." जिन्यावरून एकदा पडले, तेव्हा मीही हो म्हटलं. गेल्या संक्रांतीला ठरलंसुद्धा. आता हे कुमुदताईंना सांगायचं कसं? त्यांचं सगळं आयुष्य माणसं पोचवण्यात गेलं होतं. बदलीवर आलेल्या मराठी कुटुंबांशी त्यांची मैत्री जमायची, तीन-चार वर्षांनी बदली व्हायची, आणि त्या पोळ्या, बटाट्याची भाजी आणि दह्यातली मिरची बांधून घेऊन हावड्याला निरोप द्यायला जायच्या. "अर्धा महाराष्ट्र मी हावड्याच्या फलाटावरून रवाना केलाय," म्हणायच्या. एकदा भाजलेलं वांगं खाता खाता सहज म्हणाल्या, "आता नाही हो जायची मी हावड्याला. गुडघे गेले." मी त्याचा अर्थ माझ्या सोयीने घेतला आणि गप्प बसले. दर शुक्रवारी घरून ठरवून निघायची, आज सांगायचंच. तिथे गेल्यावर कुणीतरी हसायचं, काड्या यायच्या, कुमुदताई काहीतरी विचारायच्या, आणि आठ वाजायचे. गोंगाट होता ना, त्याच्या आड लपता येत होतं. भेकड होते मी, दुसरं काय.

शेवटचं भेटलो तेव्हा माझ्या पर्समध्ये तिकीट होतं. गणपतीनंतरचं. त्या दिवशी बटाट्याचं सॅलड होतं, ते त्यांना बेताचंच आवडे, तरी संपवलं. डावीकडची वाटीही संपवली. मग पेला खाली ठेवून, माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मंगल, तुला काही सांगायचं होतं का?"

"नाही हो. काय सांगायचंय?" मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या. रिक्षात चढताना पदर सावरत म्हणाल्या, "घारगे कर गं पुढच्या वेळी. इथला भोपळा गोड असतो पण त्यात वेलची नाही." हे त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं... वेलची.

निमतला घाटावर दहनाला आम्ही नऊ माणसं होतो. भाचा नागपूरहून विमानाने आला, बिचारा भला माणूस, पण मावशीला तो चारदाच भेटलेला. बाराव्यानंतर त्याने मला विनंती केली की खोली आवरायला याल का, बायकांच्या वस्तू मला कळत नाहीत. गेले. नकाशांच्या गुंडाळ्या, मंडळाच्या दिवाळी अंकांचे गठ्ठे, सहा साड्या. पलंगाखाली वर्तमानपत्रात बांधलेलं काहीतरी जड होतं. सोडलं तर माझं पितळी पुरणयंत्र. संक्रांतीनंतर मी आवराआवर करायला घेतली, तेव्हा तीन-चार मोठी भांडी आणि हे पुरणयंत्र पोत्यात घालून मंडळाच्या स्वयंपाकघरात गुपचूप देऊन आले होते. कुणाला कळणार आहे, असं मला वाटलं. पण लग्नातल्या भांड्यांवर आपल्याकडे नावं घातलेली असतात, हे मी साफ विसरले. "सौ. मंगल" असं ठसठशीत कोरलेलं, तारखेसकट. आणि होळीचं पुरण मंडळात दरवर्षी घालायचं कुमुदताईंनी. पुरणयंत्र कुणी उगाच देत नाही. म्हणजे होळीपासून त्यांना माहीत होतं. ते त्यांनी कुणाला दिसू न देता घरी आणलं, चिंच लावून लख्ख घासलं आणि बांधून ठेवलं. मला जाताना बरोबर द्यायला असणार. मी त्या पलंगाच्या कडेला बसून किती रडले ते भाच्याने पाहिलं, आणि तो बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला.

पुढच्या मंगळवारी मी मौशुमीकडे गेले. शुक्रवारी जायचा धीर नव्हता. सहाला पडदा सारला, सगळे नेहमीसारखे ओरडले, आणि मला एकटीला बघून मधेच थांबले. मी माझ्या स्टुलावर बसले. भिंतीकडचं रिकामं. मौशुमी हात पुसत आली, माझा हात धरून म्हणाली, "मंगळवारी आलात. दिदिमणीपण मंगळवारी यायच्या."

मी म्हटलं, "शुक्रवारी."

"तुमच्याबरोबर शुक्रवारी. दोल झाल्यापासून एक मंगळवार सोडून एक, एकट्या." दोल म्हणजे आपली होळी. "मी पहिल्यांदा विचारलं, माशिमा कुठे? तर म्हणाल्या, ती जाणार आहे, पण अजून सांगायची हिंमत होत नाहीये तिची, तू बोलू नकोस. मी एकटीने बसायचा सराव करतेय."

मौशुमीच पुढे म्हणाली, "त्या भिंतीकडे नाही बसायच्या. तुम्ही आत्ता बसलात ना, तिथे बसायच्या. मी म्हटलं, दिदिमणी, तुमची जागा ती, कोपऱ्यातली. तर म्हणाल्या, रिकामी जागा बहिऱ्या कानाकडे ठेवलेली बरी. तिकडून कुणी बोललं नाही तरी कळत नाही."

मौशुमी शेगडीकडे गेली. मी बसले होते. मागे कुणाची तरी बढती झाली होती, टाळ्या चालल्या होत्या. पंचाहत्तरी ओलांडलेली ही बाई, गुडघे धरून मेट्रोचे जिने चढत-उतरत, माझ्या स्टुलावर बसून मी नसण्याची सवय करून घेत होती. मला शरमेत पाडू नये म्हणून ती मला काही बोलली नाही, तिला दुखवू नये म्हणून मी तिला. एक वाक्य बोललो असतो तर ते सगळे मंगळवार आम्हा दोघींचे झाले असते. आणि तिचा सराव वाया गेला, तो आता मला करावा लागतोय, तोही धड दोन्ही कान शाबूत असताना. मला फार एकटं वाटतं. हे मराठीत लिहून टाकते, कारण बोलायला कुणी नाही.

मौशुमीने न मागता वाटी आणून ठेवली. भोपळाच होता, वर तीळ. मी अर्धा खाल्ला आणि वाटी डावीकडे सरकवली, भिंतीकडच्या स्टुलापुढे. एक वांगं मागवलं, काड्या मागवल्या, जेवले. उचलणाऱ्या मुलीने बाकीची भांडी नेली, ती वाटी तेवढी राहू दिली. मग मी भिंतीकडे वळले. माझ्या बाजूला त्यांचा चांगला कान असायचा.

"कुमुदताई, मी पुण्याला जातेय," मी म्हटलं. गोंगाट होता म्हणून पुन्हा एकदा, मोठ्याने म्हटलं. "गणपतीनंतरचं तिकीट आहे. तुम्हाला सांगायचं होतं."

कुणी मान वळवून पाहिलं नाही. मी वाटीतला राहिलेला भोपळा खाल्ला. वेलची खरंच हवी होती त्यात.