आजोबांना वेडं ठरवणारे काका

कोर्टाची तारीख असली की काका कपाळाला ठसठशीत गंध लावून यायचे. खोटं बोलायचं असेल तर गंध जरा मोठं असायचं, असं माझं निरीक्षण आहे.

नुंगंबाक्कममधलं दुमजली घर आजोबांनी रेल्वेत नोकरीला असताना बांधलं. खाली काका राहायचे, वर आजोबा. मी चौथीत असताना बाबा गेले. महिन्याभरात काकूंना आमची अडचण व्हायला लागली आणि आई मला घेऊन एग्मोरला दोन खोल्यांत राहायला आली. ती शाळेत शिकवायची. आजोबा दर रविवारी बसने आमच्याकडे येत. मृत्युपत्रात त्यांनी खालचा मजला काकांना दिला आणि वरचा मला, धाकट्या मुलाच्या मुलीला.

काकांना अर्धं घर पुरलं नाही. आजोबा गेल्यावर त्यांनी मृत्युपत्राला हरकत घेतली. सही करताना म्हणे वडिलांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. ते माणसं ओळखत नसत, भिंतीशी बोलत, कपडे घालायचं विसरत. हे सगळं काकांनी शपथेवर लिहून दिलं. आजोबा शेवटच्या आठवड्यापर्यंत इंग्रजी पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते. पेन्सिलने नाही, पेनाने. अशा माणसाला त्याचाच मुलगा भर कोर्टात नागडं करत होता, आणि मधल्या सुट्टीत व्हरांड्यात मला लाडाने विचारत होता, "कण्णा, जेवलीस का?"

अशी काही वर्षं गेली. मग आईच्या हाती एक कागद लागला. शाळेच्या सुट्ट्यांमध्ये तंजावरला खेपा घालून तिने तो मिळवला होता. आमच्या वकीलबाई वयस्कर होत्या, आवाज अगदी हळू. त्यांनी तो कागद काकांपुढे धरला.

"मृत्युपत्रानंतर आठ दिवसांनी तुम्ही वडिलांना सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात नेलंत. तंजावरची जमीन विकायचा अधिकार स्वतःच्या नावे लिहून घेतलात. ही सही कोणाची?"

"वडिलांची."

"तेव्हा ते शुद्धीत होते?"

काकांनी रुमालाने मान पुसली. "त्या दिवशी बरे होते."

"फक्त त्या दिवशी?"

"सकाळी बरे असायचे."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत, त्यांनी ते लिहून घेतलं.

निकाल माझ्या बाजूने लागला, पण काकांनी किल्ली दिली नाही. आधी ती हरवली. मग तमिळ पंचांगातला अशुभ आडी महिना लागला, आणि या महिन्यात कोणी घराचा ताबा घेतं का, असं त्यांनी मलाच विचारलं. मग काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. जणू काकू वरच्या मजल्यावर धावायला जाणार होत्या.

शेवटी आम्ही पुन्हा कोर्टात गेलो. कोर्टाचा अमीन हुकूम घेऊन आला, सोबत कुलूपवाला. दार उघडलं तर आत काहीच नव्हतं. पंखे नव्हते, दिवे नव्हते, नळ काढून तिथे लाकडी बुचं ठोकलेली. बाथरूममध्ये कमोडला झाकणही नव्हतं.

काका जिन्यात उभे होते. "मी देणारच होतो," ते म्हणाले. "घरातली गोष्ट तू चव्हाट्यावर आणलीस."

"काका, कमोडचं झाकणसुद्धा?"

"ते मी माझ्या खर्चाने बसवलं होतं," ते म्हणाले. पुरत्या गांभीर्याने.

इतकी वर्षं मी या माणसाला घाबरत होते. त्या क्षणी मला स्वतःचीच लाज वाटली. भीती वाटायला समोर निदान थोडं मोठं माणूस तरी हवं. आई रिकाम्या खोलीत फरशीवर बसली होती. रडत नव्हती, कुठे किती नळ लागतील ते मोजत होती.

आम्ही वर राहायला येऊन आता दोन वर्षं झाली. काका नातेवाइकांना सांगतात की भाऊ गेल्यावर त्यांनीच मला सांभाळलं आणि वरचा मजला आपणहून दिला. लग्नाकार्यात मला पुढे करून म्हणतात, "ही माझी मुलगीच." मी त्यांच्या पाया पडत नाही. परवा एका लग्नात जेवणाच्या वेळी एका मावशींनी मला बाजूला घेऊन समजावलं, "अगं, निदान त्यांच्या वयाचा तरी मान ठेव."

मी म्हटलं, "ठेवते ना. सकाळी सकाळी ठेवते." त्यांना काही कळलं नाही. जवळच जेवत असलेल्या काकांना कळलं, आणि ते ताट घेऊन दुसऱ्या पंगतीत जाऊन बसले.