बॅटरीखालचं पिवळं

आमच्या घरात घेतलेल्या प्रत्येक वस्तूची एक प्लास्टिकची पिशवी असे. मिक्सरची, इस्त्रीची, पुढे टीव्हीची. पिशवीत बिल, दुकानाचा शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड, दोन्हींच्या झेरॉक्स आणि वर माझ्या अक्षरात दोन तारखा: घेतल्याची आणि वॉरंटी संपण्याची. ऑफिसात माझ्याकडे डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टेबल-खुर्च्या-यंत्रांची नोंदवही, होतं. त्यामुळे ही सवय घरातून ऑफिसात गेली की ऑफिसातून घरी आली, ते सांगता येणार नाही. दिंडोरीजवळच्या माहेरच्या मळ्यातली कागदपत्रंही नाशिकला माझ्याच कपाटात होती. मोटार, फवारणीचा ब्लोअर, ट्रॅक्टरचा विमा. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "बाईकडं ठेवलं म्हणजे बँकेत ठेवलं." हे ऐकायला मला फार आवडायचं. ते आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं त्याचं मूळ तिथे आहे.

दोन हजार सालानंतरची पाचेक वर्षं उलटली होती. त्या साली दादांनी पहिल्यांदाच धाकट्या भावाला म्हटलं होतं, "औंदा द्राक्षांचा सौदा तू कर." भाऊ तिशी ओलांडलेला, एका मुलीचा बाप, पण घरात अजूनही वेंधळाच समजला जायचा. लहानपणी त्याने दोन छत्र्या आणि एक सायकल हरवली होती, तेवढ्यावर तो शिक्का बसला होता. त्याने निर्यातीचा माल घेणारा एक नवा माणूस गाठला होता. त्या माणसाचं सगळं काम मोबाइलवर चाले. आज फोन केला तर उद्या बागेत हजर. म्हणून भावाला मोबाइल हवा होता, आणि तो घ्यायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. एम. जी. रोडवर चार दुकानं फिरून, वॉरंटी कुठल्या सर्व्हिस सेंटरला चालते ते विचारून, मी एक साधा, दणकट फोन घेतला.

तो मळ्यावर पोचवला दसऱ्याच्या दिवशी. आमच्याकडे त्या दिवशी ट्रॅक्टर, ब्लोअर, छाटणीच्या कात्र्या अशी सगळी अवजारं पुजली जातात. मीच म्हटलं, फोनही पाटावर ठेवू, आता तेही अवजारच. सगळ्यांना ते पटलं. पण त्याआधी मला त्याचा नंबर उतरवून घ्यायचा होता, आतल्या चिठ्ठीवरचा पंधरा आकडी नंबर. डब्यावरही तो छापलेला असतो, पण डब्यावरचा आणि आतला जुळतो का, हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नसे. मी मागचं झाकण काढलं, बॅटरी बाहेर काढली आणि वहीत आकडे लिहायला लागले. तेवढ्यात भावजयीने हाक मारली, "ताई, चला, दादा खोळंबलेत." मी वही उघडीच टाकली आणि फोन तसाच, उघड्या पाठीने, कात्र्यांच्या शेजारी पाटावर ठेवला. दादांना मोतीबिंदू होता. त्यांनी झेंडूचं फूल तांब्यात बुडवून सगळ्यांवर पाणी शिंपडलं, चिमटीने हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. भाऊ तेव्हा ट्रॅक्टरला हार बांधत होता. आरतीनंतर मी फोन पदराने पुसला, बॅटरी घातली, झाकण लावलं, वही मिटली आणि फोन भावाच्या हातात दिला. फोन सुरू झाला. मी पुरणपोळ्या वाढायला गेले आणि हे सगळं विसरून गेले. खरोखरच विसरले. एवढं एक तरी माझ्या बाजूने सांगता येतं.

जानेवारीत, मण्यांत साखर भरायच्या सुमाराला, फोन बिघडला. पलीकडचं ऐकू यायचं, पण आपला आवाज जायचा नाही. मधेच आपोआप बंद पडायचा. भाऊ रविवारी फोन घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "ताई, लवकर कर. तो माणूस ह्याच आठवड्यात येणार हाय." मी पिशवी काढली. वॉरंटीचे नऊ महिने बाकी होते. मी त्याला म्हटलं, "काळजीच करू नकोस."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी कॅनडा कॉर्नरजवळच्या सर्व्हिस सेंटरला गेले. टोकन घेतलं, बिल आणि कार्ड समोर ठेवलं. काउंटरवरच्या बाईंनी कागद बघितलेसुद्धा नाहीत. बॅटरी काढली आणि आतल्या कोपऱ्यातला एक बारीक चौकोनी कागद दाखवला.

"हा पांढरा असतो. गुलाबी झालाय, बघा. पाणी गेलंय आत. वॉरंटी संपली."

"पाणी कसं जाईल?"

"ते तुम्हाला माहीत मॅडम. आणि हे पिवळं काय आहे?"

कनेक्शनच्या पट्ट्यांजवळ, खाचेत, पिवळी पूड अडकून घट्ट झाली होती. मी द्राक्षवाल्यांच्या घरात वाढलेली. पिवळी पूड म्हटल्यावर मला एकच गोष्ट सुचली.

"गंधक असेल. बागेवर भुरी रोगासाठी मारतात."

"बघा, मग तुम्हीच सांगताय की," असं म्हणून त्यांनी फॉर्मवर शेरा मारला.

बाहेर येऊन मी कॉइन बॉक्सवरून मळ्यावर फोन लावला. भावाला सांगायचं म्हणून लावला होता, पण उचलला दादांनी. थांबायला हवं होतं. फोन भावाकडे द्यायला तेवढं सांगायला हवं होतं. पण मी चिडलेली होते. त्या शेऱ्याने माझी एवढी नीट ठेवलेली पिशवी फुकट गेली होती. मी सगळं दादांनाच सांगून टाकलं, पाणी गेल्याचं आणि गंधक सापडल्याचं. दादा म्हणाले, "बरं. बघतो मी."

त्यांनी काय बघितलं ते मला पुढच्या रविवारी कळलं. मी मळ्यावर गेले तेव्हा ओट्यावर तोच विषय चालू होता.

"मी फवारताना फोन अंगावर घेतच नाय, दादा," भाऊ म्हणत होता. "बांधावरल्या लिंबाला अडकवतो. पिशवीत घालून."

"मग गंधक काय पायांनी चालत गेलं आत?"

"मला काय माहीत. नसंल गंधक."

"बाईनं डोळ्यांनी पाह्यलं."

भावाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "खाचेत अडकलेलं होतं रे. घाईत ठेवला असशील खिशात. आठवत नसेल."

तो आणखी दोनदा नाही म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला, "असंल." आणि उठून गोठ्याकडे गेला. दादा माझ्याकडे वळून म्हणाले, "एक फोन सांभाळता येत नाय, ह्याच्या हातात बाग कशी द्यायची? व्यापाऱ्याशी मीच बोलतो." त्यांचा व्यापारी ठरलेला होता, वीस वर्षांपासूनचा. तेव्हा मला ते रास्तच वाटत होतं.

त्या रात्री घरी आल्यावर मी कंपनीला तक्रारीचं पत्र लिहायला बसले. शेरा तोंडी विचारपूस करून मारला, तपासणी केली नाही, असा मुद्दा मी काढला होता. पत्रात फोनचा नंबर टाकायला वही उघडली. पानावर पहिले नऊ आकडे निळ्या पेनाने होते. उरलेले सहा पेन्सिलीने, मी नंतर कधीतरी डब्यावरून उतरवलेले. आणि दोहोंच्या मधे माझ्या अंगठ्याचा लाल ठसा, त्याला पिवळी कड.

कुंकू. आणि हळद.

मग सगळं डोळ्यांपुढे आलं. पाट, कात्र्या, उघडा फोन, दादांच्या हातातलं भिजलेलं फूल. भावाने फोन हातात घेण्याआधीच मी तो बिघडवून ठेवला होता. सावकाश गंजत आलेला तो फोन भावाने तीन महिने पिशवीत बांधून जपला होता.

उद्याच्या कामांच्या यादीत मी लिहिलं, "दादांना सांगणे." माझ्या यादीतलं काम सहसा दुसऱ्या दिवसावर जात नाही. हे गेलं. तिसऱ्या दिवसावरही गेलं. मी स्वतःला समजावत होते की, सांगितलं तर दादांना वाटेल त्यांनीच पाणी शिंपडून फोन घालवला, म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवा. ते कारण खोटं होतं. बँकेत ठेवल्यासारखं ज्याच्यावर विसंबावं ते माणूस म्हणजे मी, आणि ते मला सोडायचं नव्हतं.

शनिवारी मी एम. जी. रोडवर जाऊन तोच फोन, त्याच रंगाचा, नवा विकत घेतला. त्याचं बिल ऑफिसच्या खणात ठेवलं, घरच्या कपाटात नाही. रविवारी मळ्यावर जाऊन म्हटलं, "भांडून बदलून आणला."

भावाने तो उलटसुलट करून पाहिला. "पाणी गेलं होतं तरी दिला?"

"दिला."

दादांना जो आनंद झाला, तो मी अजून विसरलेले नाही. "बघ," ते भावाला म्हणाले, "तू घालवला, हिनं कंपनीच्या नरड्यातनं काढून आणला." पुढची कितीतरी वर्षं ही गोष्ट ते लग्नांच्या पंगतीत सांगत राहिले. भाऊ बाजूला बसून हसायचा. मी वाढायला उठायचे.

मला वाटलं होतं फोन आला की सौदाही पुन्हा भावाकडे जाईल. फोन देताना मी तसं सुचवलंही. दादा म्हणाले, "आता बोलणं झालंय माझं." पुढच्या सालीही तेच. त्याच्या पुढच्या सालीही तेच. दादांचा गुडघा धरला, चालणं बंद झालं, तेव्हा कुठे बाग भावाच्या हातात आली. यादीतलं ते वाक्य मी दरवर्षी नव्या डायरीत उतरवत होते. पुढे पुढे नुसतं "दा. सां." असं लिहायचे. दादा गेले त्या वर्षाच्या डायरीतही ते आहे. त्यावर मी रेघ मारली, पण ती काम झालं म्हणून मारलेली नव्हती.

त्यानंतर साताठ महिन्यांनी मी मळ्यावर गेले होते. दुपारी सगळे जेवायला बसलो होतो. भाची कॉलेजला जायला लागली होती, तिला नवा फोन घेतला होता. भाऊ तिला म्हणाला, "नीट वापर. मी माझा पहिला फोन गंधकात घालवला होता. फवारताना खिशात ठेवला, वेंधळ्यावानी. आत्या होती म्हणून बदलून मिळाला."

तो सहज बोलत होता. मला बरं वाटावं म्हणूनही नाही. त्याला आता ते तसंच आठवत होतं. ज्या गोष्टीला तो पुन्हापुन्हा नाही म्हणाला होता ती त्याने खिशासकट खरी मानून टाकली होती.

मी हातातला घास ताटात ठेवला आणि सगळं सांगितलं. वहीपासून नव्या फोनच्या बिलापर्यंत, क्रमाने, काही न गाळता.

भाची आधी हसली, मग आईकडे बघून थांबली. भावजय म्हणाली, "पिशवीत मीच बांधून द्यायचे तो. रबर लावून. तरी मीपण ह्यांनाच बोलले होते तेव्हा, तुमचंच काहीतरी झालं असणार म्हणून."

भावाने विचारलं, "दादांना सांगितलं होतंस?"

"नाही."

"कधीच?"

"नाही रे."

त्याने मान हलवली. ताटावरून उठला, हात धुतला, वीज आली होती म्हणून मोटार चालू करायला गेला. संध्याकाळपर्यंत तो कामाचंच बोलत होता. थिनिंगला, घडातले मणी विरळ करायला, मजूर मिळत नाहीत, पेठ-सुरगाण्याकडून आणावे लागतात, वगैरे. मीही तेच बोलत राहिले.

मला बसला सोडायला तो मोटारसायकलवरून फाट्यापर्यंत आला. नाशिकची बस लांबून दिसायला लागली तेव्हा म्हणाला, "तो निर्यातवाला त्या साली दोनदा आला होता बागेत, ताई. घड हातात घेऊन बघितले त्यानं. मी दादांच्या मागं उभा होतो. दादांनी त्याला चहासुद्धा इचारला नाय."

हे त्याने मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. त्याने माझी पिशवी उचलून बसच्या पायरीवर ठेवली आणि "पोचल्यावर फोन कर" म्हणाला. मी केला. भावजयीने उचलला.