ते बंद कर, तू म्हन

माझ्या अल्बमबद्दल लोक काय काय बोलले ते मला पाठ आहे. विसरायचा प्रयत्न करून झाला, जमत नाही. मोबाइलवर एकाने लिहिलं, ‘बाई, गाणं सोडा, भाकऱ्या थापा.’ दुसऱ्याने लिहिलं, ‘हिरोइन एक नंबर, आवाजाचं तेवढं बघा.’ एक मेला तर म्हणे, आमच्या कुकरची शिट्टी यापेक्षा सुरात होते. त्याचं मला हसूच आलं. खरं सांगते, बाहेरच्यांचं फार लागलं नाही. लागलं ते बाबांचं. एवढंसं वाक्य बोलले ते, आणि त्या वाक्यावर मी त्यांच्याशी तीन वर्षं अबोला धरला.

आमचं घर टेमघरला. आजोबांच्या भाताच्या शेतात बाबांनी तरुणपणी पत्र्याची शेड टाकली आणि कापड विणायचे आठ लूम बसवले. म्हणायला मालक, पण कारागीर रजेवर गेला की स्वतः लूमवर उभे, आणि रजेवर नसला तरी उभेच. घर आणि कारखान्याच्या मध्ये एक भिंत. त्यामुळे लूमचा आवाज आम्हाला आवाज वाटायचाच नाही. उलट शुक्रवारी लूम बंद असले की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. आमच्याकडे सगळेच ओरडून बोलतात. लग्न होऊन काल्हेरला आले तेव्हा पहिला महिनाभर सासूबाईंना वाटलं, सून भांडखोर आहे. तशी मी आहेच, पण ते त्यांना नंतर कळलं.

गाणं माझ्याकडे आईकडून आलं. आमच्या आगरी लग्नांत हळदीला बायका गाणी म्हणतात. आईने एकदा सूर लावला की बाकीच्या मागून नुसत्या ओढत राहायच्या. लांबलांबून निरोप यायचे, काही करा पण तिला पाठवा. बाबांनी तर आईला बघायच्या आधी ऐकलं होतं. कोनला कुणाच्या तरी हळदीत ते मांडवाच्या मागे पाण्याची पिंपं भरत होते, तिथून. “आवाज ऐकला न् पिंप भरून वाहायला लागला, तरी मना कललं न्हाय,” असं सांगायचे. आई लाजून म्हणायची, “गप ऱ्हा, पोरा हायत समोर.”

मी कॉलेजात असताना आई गेली. चाली माझ्याजवळ राहिल्या.

लहानपणी मी गायला लागले की बाबा कारखान्यातून उठून यायचे. डोक्यावर, भुवयांवर कापसाचे तंतू. माझ्या अगदी समोर फतकल मारून बसायचे आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचे. आत्या म्हणायची, “अरे, पोरीला नजर लावशील.” मला त्या बघण्याचा केवढा अभिमान होता! मला वाटायचं, बापाकडून इतकं कौतुक कुणाच्या नशिबी असतं?

तर अल्बम. पाच गाणी. चाली आईच्या वळणाच्या, शब्द माझे. काल्हेरच्या गोडाउनमध्ये मी माल पाठवण्याच्या नोंदी करते; सुट्ट्या वाचवून वाचवून ठाण्याला जाऊन वर्षभरात गाणी रेकॉर्ड केली. एका गाण्याचा व्हिडिओ करायचं ठरलं तेव्हा काढणारे गृहस्थ म्हणाले, “ताई, आवाज तुमचा, चेहरा दुसरीचा. असंच चालतं.” मग एक विशीतली पोरगी आणली. खाडीत होडीवर उभी राहून ती माझ्या आवाजावर ओठ हलवते. तेही धड नाही. मी ‘हळद’ म्हणते आणि तिचं तोंड ‘बटाटा’ म्हटल्यासारखं हलतं. मी गिळलं ते. म्हटलं, आवाज तर आपला आहे ना.

अल्बम आला तो मुद्दाम शुक्रवारी लावला, लूम बंद, घर शांत म्हणून. माहेरी सगळे जमले होते. आत्या, भाऊ, वहिनी, माझा नवरा. स्पीकर फ्रिजवर ठेवला आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. बाबा खुर्चीत. पहिलं गाणं लागलं, ढोल सुरू झाला, बाबांची बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरायला लागली. मला भरून आलं. मग माझा आवाज आला, आणि बाबा माझ्याकडे किंवा स्पीकरकडे बघायचं सोडून आत्याच्या तोंडाकडे बघू लागले, मग भावाच्या, मग वहिनीच्या. दुसरं गाणं आईच्या अगदी लाडक्या चालीवरचं. त्यात एका जागी मी सूर वर नेते, ती जागा बसवायला मला दोन महिने लागले होते. नेमकं तिथेच बाबा मोठ्याने म्हणाले, “ढोल लय भारी वाजवलाय!”

आत्या म्हणाली, “आवाज बरा हाय पोरीचा. पन आयची सर न्हाय.”

भावाने बाबांच्या हातात मोबाइल दिला, व्हिडिओ लावून. बाबांनी तो डोळ्यांजवळ धरला. त्या होडीवरच्या पोरीकडे कितीतरी वेळ बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि मोबाइल परत दिला. मग उठले, माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “ते बंद कर गो. तू म्हन.”

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. वर्षभर जीव काढला आणि बाप म्हणतो बंद कर! आणि वर, तू म्हन! मी काय अजून फ्रॉकमधली पोर आहे, पाहुण्यांसमोर गाणं म्हणून दाखवायला? मी पाठ फिरवली, स्पीकरची पिन उपटली आणि फ्रिजला सांगितलं, “आता मी परत कधीच म्हणणार नाही.”

“काय म्हनली?” बाबांनी आत्याला विचारलं.

“काय न्हाय,” आत्या म्हणाली.

मला वाटलं, ऐकून न ऐकल्यासारखं करतायत.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते माझ्यावरूनच म्हटलं असेल. गणपतीला जायचे, दिवाळीला जायचे, पण बाबांना ताट वाढायचं ते तोंड दुसरीकडे करून. “वहिनी, त्यांना सांग चहा झालाय.” एकदा आईच्या श्राद्धाच्या दिवशी मला राहवलं नाही. कामावरून फोन केला. म्हटलं, “बाबा, मी बोलतेय.” ते दोनदा “हॅलो, हॅलो” म्हणाले आणि फोन वहिनीकडे दिला. मी म्हटलं, ठीक आहे. असं तर असं.

गाणं सोडलं. हळदीत बायका ओढायच्या तेव्हा मी घशाला हात लावून मान हलवायचे. डीजेवाल्यांनी एक सीझन माझं पहिलं गाणं वाजवलं, तेही ढोलासाठी. नंतर तेही थांबलं.

यंदा होळीनंतर भावाचा फोन आला. बाबा रस्त्यावर होते, मागे येणाऱ्या ट्रकखाली जाता जाता वाचले. मी तशीच निघाले, दोन रिक्षा बदलून टेमघरला पोहोचले. बाबा घरात नव्हतेच. कारखान्यात, पार शेवटच्या लूमवर, माझ्याकडे पाठ करून उभे. दाराशी चाचा भेटले. चाचा आमचे सगळ्यात जुने कारागीर. माझ्या जन्माआधी यूपीतून आले, तेव्हापासून बाबांच्या शेजारच्या लूमवर. त्यांनीच बाबांना ओढलं होतं. आत काही ऐकू येईना म्हणून ते मला बाहेर घेऊन गेले.

“ट्रक पीछे ले रहा था, बिटिया. हॉर्न पे हॉर्न. मैंने हाथ पकड़ के खींचा.”

“लक्ष कुठे असतं यांचं?” मी म्हटलं.

चाचा माझ्याकडे बघतच राहिले. “ध्यान का क्या सवाल है? कान तो कब के गए. हम सबके थोड़े गए, उनके पूरे गए.”

“काहीतरीच काय चाचा! घरी सगळ्यांशी बोलतात की.”

“सामने से. मुँह देख के. लूम पे हम सब ऐसे ही तो बात करते हैं.”

ते मला माहीत नव्हतं असं नाही. लूम चालू असताना आत कोणाला कोणाचं ऐकू येत नाही, सगळे ओठांवरून ओळखतात. लहानपणी आम्ही भावंडंही तोच खेळ खेळायचो. पण ती विद्या बाबा भिंतीच्या अलीकडे, घरातही वापरत असतील, हे कधी मनात आलं नाही.

“कधीपासून?”

“तेरी माँ थी तब से कम था. फिर गया सो गया. किसी को बोलना मत, मुझे कसम दी थी. लोग बोलेंगे मालिक बहरा है.”

माझा विश्वास बसेना. तेवढ्यात लाइट गेली. आठही लूम एकदम थांबले. मी दारात जाऊन हाक मारली, “बाबा!” सगळ्या कारागिरांनी वळून बघितलं. बाबा तेवढे बंद पडलेल्या धोट्यावर हात ठेवून वर दिव्याकडे बघत राहिले.

मी तिथेच कापडाच्या ताग्यांवर बसले. स्पीकरला ओठ नसतात. ढोलाचा दणका तेवढा खुर्चीतून अंगाला कळला असेल. होडीवरच्या त्या पोरीचे ओठ तर सगळं भलतंच सांगत होते. फोनला तोंड नाही. आणि मी, दीडशहाणी, तीन वर्षं फ्रिजशी आणि भिंतीशी बोलत होते. ‘तू म्हन’ म्हणजे माझ्या बापाने ऐकायची त्याच्याजवळ उरलेली एकच वाट मागितली होती, आणि मी पाठ फिरवली. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं मला.

पुढे बाबांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, मशीनही आणलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला. मशीन लावलं की बाबांना नुसती खरखर होते. ते आता टीव्हीच्या खणात पडून आहे. पण हे नंतरचं.

त्या दिवशी लाइट आली, लूम सुरू झाले आणि बाबा वळले. मला बघून त्यांचा चेहरा आधी फुलला, मग घाबरला. आता ही काय बोलते, असा. मी चालत गेले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले, हातभर अंतरावर. आणि गायला लागले. दुसरं गाणं, आईच्या चालीचं. आठ लूमच्या त्या खडखडाटात मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. सूर लागला की नाही, देव जाणे. तीन वर्षांनी गळा उघडत होते. वर जायची ती जागा आली तेव्हा फक्त गळ्याची शीर ताणलेली कळली. कारागीर हातातलं काम सोडून बघत होते. बाबांचे डोळे माझ्या तोंडावरून हलले नाहीत. भुवयांवर तेच कापसाचे तंतू.

गाणं संपलं. बाबांचे ओठ हलले. मीही लूमवाल्याचीच पोर, मला वाचता येतात.

“शब्द चांगले हायत,” ते म्हणाले. मग लाजल्यासारखं करून विचारलं, “आवाज कसा हाय गो तुझा? आयचा आलाय काय?”

मला आत्याचं वाक्य आठवलं. मोबाइलवरची ती सगळी वाक्यं आठवली.

“हो,” मी म्हटलं. नीट दिसावं म्हणून दोनदा म्हटलं.