मास्तराची दुरडी आणि तिसरा अर्ज

तमाम वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखक तरुणपणी कारवारकडच्या जोयड्याच्या रानात अन्नावाचून मरता मरता वाचला. याचा लेखी पुरावा सरकारदफ्तरी जमा असून त्यावर सात घरच्या सात कारभाऱ्यांचे अंगठे आहेत. त्याच वर्षी लेखकाचा सदरा दोन्ही कुशींत उसवून दोनदा सैल करावा लागला, ही बाब मात्र दफ्तरात नाही. ती आज प्रथमच जाहीर होत आहे. मंडळींनी सावरून बसावे.

तेव्हा युरोपातली लढाई चालू होती. ती मी पाहिली नाही, पण तिच्यामुळे घासलेट महाग झालेलं पाहिलं. कुंभारवाडा गावाच्याही पुढे, दोन ओढे ओलांडले की सात घरांची एक वाडी लागायची. आसपासच्या वाड्यांवरची पोरंही तिथल्याच सरकारी शाळेत येत. चार इयत्ता, एक खोली, एक फळा आणि मी.

पण मास्तर म्हणजे फक्त मास्तर, असं समजणाऱ्यानं त्या काळात मास्तरकी केलेली नाही. माझ्या टेबलाखाली टपालाची पेटी होती. पत्र आलं की ते ज्याचं त्याला द्यायचं, मग वाचून दाखवायचं, मग उत्तर लिहायचं, आणि त्यात वाईट बातमी असली तर बरोबर बसून थोडं रडायचंही. जन्ममृत्यूची वही माझ्याकडे. कोंडवाड्यात गुरं शिरली की त्यांची नोंद माझ्याकडे. देवी टोचणारा आला की पोरं धरून आणायची मी, कारण ती मला भीत आणि त्याला चावत. या सगळ्याचे मिळून महिना नऊ रुपये. जंगलनाक्यावर बांबू आडवा धरून बसणारा शिपाई माझ्याहून जास्त पगार घेई, आणि पगाराच्या पावतीवर काय लिहिलंय ते वाचून घ्यायला माझ्याकडेच येई.

माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. बायको खानापूरकडे तिच्या माहेरी, आणि मी इथं. गणपतीला न्यायला गेलो तर सासरे ओट्यावर आडवे बसले.

"पाव्हणं, तुमचं येकट्याचं भागंना, तितं माजी लेक काय झाडपाला खानार? पगार वाढल्याचा सरकारी कागद दावा आनि लेक न्या."

बायको दाराआडून बघत होती. मी हात हलवत परत आलो. तेव्हापासून मला जगात एकच वस्तू हवी होती: तो कागद.

आता वाडीची एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. वाडीत झाकणाची एक बांबूची दुरडी होती. तिला मास्तराची दुरडी म्हणत. ती ज्या घराच्या पडवीत खुंटीला टांगलेली असेल, त्या घरी त्या दिवशी मास्तराचं जेवण. दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या घरी. दुरडीतून काही यायचं-जायचं नाही, ती नुसती खूण होती. पण जिथं ती टांगली असेल त्या घरात मास्तर जेवल्याशिवाय कुणी घास घेत नसे. मी शेतकऱ्याच्या घरचा, शिजलेलं अन्न मला चाले, त्यामुळे शिधा घेऊन चूल फुंकायचीही कटकट नव्हती. लाल तांदळाचा भात, कुळथाचं सार, रानातले कंद भाजून, आणि नदीला मासे चढले की त्यांची आमटी. मला दुरडी शोधतही जावं लागत नसे. शाळेच्या दारातूनच ती कुठल्या खुंटीला आहे ते दिसे, आणि खरं सांगतो, शेवटच्या तासाला माझी नजर फळ्यापेक्षा तिकडेच जास्त असे.

सर्वांत अवघड घर टोकाच्या अज्जीचं. अज्जी म्हातारी, तिची सूनही आता पिकायला लागलेली. मी जेवायला बसलो की अज्जी खांबाला टेकून देखरेख करी.

"वाढ आजून."

"आवो अत्ती, नको म्हनत्यात न्हवं त्ये!" सून सासूला म्हणे.

"लाजतोय त्यो. वाढ तू."

आणि माझ्या आडव्या हातावरून भात पानात पडे. शपथेवर सांगतो, मी लाजत नव्हतो. मला उठता येत नव्हतं.

असो. मी पगारवाढीचे दोन अर्ज केले. दोन्ही खरे होते. मी काय काय करतो ते नीट लिहिलं: पोरं किती, टपाल किती, वह्या किती. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं: 'समजले.' एवढंच. मग माझ्यातला नाटक्या जागा झाला. मी मनाशी म्हटलं, खरं बोललेलं या कचेरीला ऐकू येत नाही. तिला रडवलं पाहिजे. तिसऱ्या अर्जात मी कामाचा विषय दोन ओळींत उरकला आणि तिसऱ्या कलमाला हात घातला. लिहिताना मला इतका आनंद झाला की मी उभा राहून ते स्वतःलाच वाचून दाखवलं. 'येथील लोक अडाणी व कठोर हृदयाचे असून शिक्षकास मूठभर तांदूळही देत नाहीत. अर्जदार बहुधा एकभुक्त असतो, व कित्येक दिवस केवळ ओढ्याच्या पाण्यावर काढतो.' ओढ्याच्या पाण्यावर! मला स्वतःची इतकी दया आली की डोळे भरले. मग अर्ज माझ्याच पेटीत टाकला, माझ्याच हातानं शिक्का मारला आणि जेवायला गेलो.

महिना-दीड महिन्यानं दिपोटीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे अंमलदार, पायाला जळवा लावून घेत आले. पोरांची परीक्षा घेतली. मग म्हणाले, "गावकऱ्यांना बोलवा. तुमच्या अर्जाची स्थानिक चौकशी करायची आहे."

मी घाईघाईनं पुढे झालो.

"साहेब, ते... ते लोक आज कापणीला गेलेत."

"मग हे कोण?" साहेबांनी दाराकडे बोट केलं. साहेब आल्याचं कळून अख्खी वाडी अंगणात येऊन बसली होती. पुढे गावचा बुधवंत, म्हणजे वाडीचा म्होरक्या. मागे बायका. खांब मिळाला नाही म्हणून अज्जी सुनेला टेकलेली.

साहेबांनी अर्ज काढला. "तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून कलमवार वाचतो. खरं असेल त्याला अंगठा द्यायचा. खोटं असेल तर खोटं म्हणायचं, कुणाला भ्यायचं नाही."

पहिलं कलम झालं. दुसरं झालं. माना हलल्या. मी छपराकडे बघत होतो. तिसरं कलम साहेबांनी सावकाश वाचलं, त्यांना माझं अक्षर आवडलं असावं. 'कठोर हृदयाचे' यावर ते थांबले. 'मूठभर तांदूळही' यावर थांबले. मग त्यांची नजर कागदावरून माझ्या पोटावर गेली आणि पोटावरून परत कागदावर. सदरा ताणलेला होता. खालचं बटण बंद होत नव्हतं.

समोरच्या पडवीत खुंटीला दुरडी टांगलेली होती. मला ती दिसत होती. सगळ्यांनाच दिसत होती.

आता कुणीतरी नुसतं 'खोटं' म्हणायचा अवकाश. बायको गेली, नोकरी गेली, अब्रू गेली. बुधवंतानं कान खाजवला.

"मास्तर, ह्ये तुमीच लिवलंय?"

"व्हय," मी म्हणालो. माझा आवाज शेळीसारखा आला.

गेल्याच साली बुधवंताच्या म्हशी जंगलखात्यानं ओढून नेल्या होत्या. मी अर्ज लिहिला, आणि म्हशी परत आल्या. तेव्हापासून वाडीची अशी समजूत होती की मास्तरानं कागदावर लिहिलं की ते खरंच असतं. आपल्याला तसं आठवत नसलं, तर चूक आपल्या आठवणीची.

"मग बराबर आसंल, सायेब," तो म्हणाला. आणि उठून त्यानं शाईच्या गादीवर अंगठा दाबला.

त्याच्यामागून एकेक जण आला. सात अंगठे. आपण अडाणी आहोत, कठोर हृदयाचे आहोत, मास्तराला मूठभर तांदूळ देत नाही, असं त्यांनी स्वतःच्या हातानं सरकारला कळवलं. गादी मीच धरली होती. दोन जणांनी बोट धोतराला पुसता पुसता मला नमस्कार केला.

पगार वाढला. दीड रुपया. कागद आला, सासऱ्यांनी तो उलटा-सुलटा करून बघितला, बायको आली, संसार झाला. नऊ रुपये कमी होते, हे मी आजही कुठल्याही कोर्टात सांगेन. साडेदहाही कमीच होते. तेवढ्या कामाला ते कुठंच पुरत नव्हते. पण मी जगलो तो त्या नऊ रुपयांवर नव्हे, आणि ज्यांच्यावर जगलो त्यांचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा मी 'ओढ्याचं पाणी' लिहिलं. सरकारनं मला कमी दिलं, त्याचा अर्ज मी तीनदा केला. या लोकांनी मला किती दिलं, याचा एकदाही केला नाही. पुढे अनेक वर्षं मी त्या वाडीत होतो. खरं सांगायचं रोज ठरवलं. रोज दुरडी दिसली की मान खाली घालून जेवायला बसलो.

आणि जेवण वाढलं होतं. त्या दिवसापासून प्रत्येक घरी माझ्या पानात आधीपेक्षा दीडपट भात पडू लागला, आणि मी कधीच नको म्हणालो नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार होतो?

ते का वाढलं, तेवढं सांगायचं मी मुद्दाम मागं ठेवलं. बुधवंतानं अंगठा उचलला आणि दुसरा माणूस उठायच्या आत मागून अज्जीचा आवाज आला. रागाचा नव्हता. राग असता तर मी आज सुखात असतो. तिनं सुनेच्या पाठीत एक धपाटा घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली,

"तरी म्या तुला सांगत हुते, वाढ आजून म्हून! बघ, आमच्या घरात जेवून मास्तर उपाशी उठत हुता!"