पाय न टेकवता

गेल्या हिवाळ्यात माझ्या गुडघ्याने कुरकुर सुरू केली आणि नवऱ्याने लगेच निकाल देऊन टाकला: सायकल विकून टाक. मी काही इतक्या सहज ऐकणारी नाही. अट घातली. स्कॉटलंडच्या हायलँड्समधला तो उभा घाट एकदाही पाय न टेकवता चढले, तर सायकल राहील. टेकला, तर त्याने खुशाल जाहिरात टाकावी. "हा तमाशा बघायला मी येणार नाही," म्हणून तो ग्लासगोतच घरी बसला.

सोबत आली लेक, तिच्या सायकलवर. ती इथेच जन्मली, वाढली. मराठी हौसेने बोलते, पण मनातलं इंग्रजी वाक्य जसंच्या तसं उचलून मराठीत ठेवते.

घाट सुरुवातीला फार सभ्य वागला. खाली तळं, दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर, कोवळं ऊन. मी चक्क गुणगुणत होते. मग रस्ता एका गाडीपुरता उरला आणि असा काही उभा झाला की गाणं गेलं, नुसता भाता चालू राहिला. वारा समोरून. त्यात एक मेंढी रस्त्याच्या मधोमध बसलेली. तिला मी अस्सल मराठीत शिव्या घातल्या. कळल्या असाव्यात, उठली.

"आई, गिअर खाली कर! यू आर नियरली देअर!" लेक पुढून ओरडली.

"अगं, याच्याखाली गिअरच नाही!"

शेवटच्या वळणावर समोरून कॅम्परव्हॅन आली. आता संपलंच, पाय टेकवावा लागणार. पण चालकाने गाडी कडेच्या जागेत घेतली आणि आतलं अख्खं कुटुंब काचा खाली करून टाळ्या वाजवायला लागलं. एवढ्या टाळ्यांनंतर उतरायचं कसं? लाजेकाजेस्तव चढले. माथ्यावर पोचले, समोर समुद्र आणि बेटं दिसली, आणि मी सायकलीसकट गवतावर आडवी झाले. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

लेकीने तेवढ्यात बाबाला फोन लावला आणि वाऱ्यावर आवाज चढवून ओरडली, "बाबा, आई संपली!"

तिला म्हणायचं होतं, शी हॅज फिनिश्ड. मी धडपडत उठून फोन हिसकावला. "अरे, जिवंत आहे मी! चढ संपला, मी नाही!"

पलीकडून एक हुंदका आला. तीस वर्षांच्या संसारात मी तो कधी ऐकला नव्हता. माझं हसू तिथेच थांबलं.

"ऐकतोयस ना? एकदाही पाय टेकवला नाही मी."

"टेकवला असतास तरी चाललं असतं गं," तो म्हणाला. "राहू दे ती सायकल. तू घरी ये."